वाडीच्या अभ्यासिकेसाठी देणगी कुठे आणि कशी मागायची?

कोंडकर

नमस्कार मंडळी. आमची वाडी संगमेश्वर तालुक्यात. कोकणात असतात तशी दोन मंडळं आहेत, गावातलं ग्रामीण मंडळ आणि चाकरमान्यांचं मुंबई मंडळ. नोंदणी मुंबई मंडळाची आहे, चांगली जुनी.

समाजमंदिराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आणि लहानसं वाचनालय काढायचं आहे. दहावी-बारावीची मुलं आहेत, पोलीस भरती आणि तलाठी परीक्षेची तयारी करणारे आहेत. घरी एका खोलीत टीव्ही, म्हातारी माणसं, लहान पोरं, त्यात अभ्यास कुठे करणार? छपराची दुरुस्ती, टेबलं-खुर्च्या, कपाटं, पुस्तकं, दोन कॉम्प्युटर आणि इन्व्हर्टर धरून अंदाज चार लाखांच्या आसपास जातो. वर्गणीतून एक लाख जमेल.

लोटे एमआयडीसीतल्या एका कंपनीत ओळख निघाली. तिथल्या साहेबांनी "१२ए, ८०जी आणि सीएसआर-१ घेऊन या" एवढंच सांगितलं. इंटरनेटवर शोधलं तर सगळीकडे "पंधरा दिवसांत एनजीओ काढून देतो" असे एजंट. हे नेमकं काय असतं? कंपनी सोडून दुसरीकडे कुठे मागता येतं?

सरळमार्गी

एक स्पष्ट विचारतो, राग मानू नका. पालखीला, नमनाला, देवळाच्या कळसाला लाखांनी वर्गणी निघते. अभ्यासिकेला कंपनीच्या दारात का जायचं?

कोंडकर

राग नाही. देवळाचं काम गेल्याच वर्षी झालं आणि प्रत्येक घराने दिलं. त्याच घरांकडे परत किती मागणार? निम्मे लोक सिक्युरिटी आणि कुरिअरमध्ये आहेत.

जमाखर्च

कोंडकर, १२ए म्हणजे संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी देणारी आयकर नोंदणी, ८०जी म्हणजे देणगीदाराला करसवलत देणारी, आणि सीएसआर-१ म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चातला (सीएसआर) पैसा घेण्यासाठीची नोंदणी. साहेबांनी तुम्हाला शेवटची पायरी सांगितली. पहिली पायरी धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. आधी एवढं सांगा:

मंडळाकडे प्रमाणपत्रं किती आहेत? १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याखालचं एक आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालचं दुसरं, अशी दोन असायला हवीत. दुसऱ्यावर "एफ" अक्षराने सुरू होणारा नंबर असतो. परिशिष्ट-१च्या उताऱ्यावर (धर्मादाय कार्यालयातली विश्वस्तांची नोंद) आज कोणाची नावं आहेत? हिशेबपत्रकं शेवटची कधी दाखल झाली? मंडळाच्या नावाचं पॅन आहे का? बँक खातं मंडळाच्या नावाचं आहे की दोन कार्यकर्त्यांच्या?

कोंडकर

दोन्ही प्रमाणपत्रं परळच्या गावकीच्या खोलीत फ्रेम करून लावलेली आहेत. 😅 बाकीचं चौकशी करून सांगतो.

कोंडकर

चौकशी केली. उताऱ्यावर जे अध्यक्ष आणि सेक्रेटरी आहेत ते दोघेही वारले. पुढच्या कमिट्या दर वर्षी सभेत निवडल्या गेल्या, इतिवृत्तात लिहिलं आहे, पण कार्यालयात कोणी कळवलं नाही. हिशेब दर वर्षी लिहिले जातात, सभेत वाचून मंजूर होतात, दाखल मात्र बरीच वर्षं केलेले नाहीत. पॅन नाही. खातं दोघांच्या नावावर, पतपेढीत.

वडापाव_पार्सल

मग सोडा ते जुनं. नवीन संस्था काढा, सात जण गोळा करा, मोकळे व्हा. जुन्या मंडळाच्या भानगडीत वकील पोसले जातील.

जमाखर्च

वडापावशी मी असहमत आहे. कारण सांगतो.

कंपनीचा सीएसआरचा पैसा घ्यायचा असेल तर संस्थेला त्याच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो, तसा नियमच आहे. नव्या संस्थेला १२ए आणि ८०जीची नोंदणी आधी तात्पुरती मिळते, पण अनुभव कुठून आणणार? कोंडकरांचं मंडळ दर वर्षी वह्या वाटत असणार, दहावीच्या मुलांचा गुणगौरव करत असणार. हे शिक्षणाचंच काम आहे. इतिवृत्तात आणि हिशेबात त्याची नोंद असेल तर तीन वर्षं नव्याने मोजायची गरज नाही. जुनं मंडळ हीच तुमची पुंजी आहे.

आता दुरुस्ती. विश्वस्त बदलले की कलम २२ खाली ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तुमचे दिलेले नाहीत, म्हणजे प्रत्येक अर्जासोबत विलंब माफीचा अर्ज आला. प्रत्येक कमिटीसाठी वेगळा अर्ज की सध्याच्या कमिटीपुरता एकच, हे कागद बघून वकील सांगतील. सभेच्या नोटिसा, हजेरीच्या सह्या, इतिवृत्ताची पानं, वारलेल्यांचे मृत्यू दाखले, नव्या सदस्यांची संमतीपत्रं हे सगळं एका फायलीत लावा. कोणी जुना सदस्य हरकत घेणार असेल तर त्याला आधीच चहाला बोलवा. वादात गेलेला बदल अर्ज वर्षानुवर्षं हलत नाही.

हिशेब परिशिष्ट ८ आणि ९ मध्ये करावे लागतात. आठ म्हणजे ताळेबंद, नऊ म्हणजे उत्पन्न-खर्च, सोबत ९-क, म्हणजे अंशदानासाठी धरायच्या उत्पन्नाचं पत्रक. जुने सगळे एकदम होणार नाहीत, तरी शेवटची तीन वर्षं सीएकडून ऑडिट करून घ्या. देणारे तेच मागतात. आणि हे टाळू नका. वर्षानुवर्षं हिशेब न देणाऱ्या न्यासांची नोंदणी रद्द करण्याचा अधिकार कायद्याने धर्मादाय कार्यालयाला दिलेला आहे.

त्यानंतर पॅन, मग मंडळाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत खातं, मग आयकर खात्याकडे १२ए आणि ८०जी, नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवर नोंदणी, शेवटी सीएसआर-१. तो ऑनलाइन फॉर्म कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर सीए, कंपनी सेक्रेटरी (सीएस) किंवा कॉस्ट अकाउंटंट प्रमाणित करून भरतात. २०२१च्या १ एप्रिलपासून तो लागतो. २०२५च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, पण कंपन्या अजून १२ए-८०जीच म्हणतात, त्यामुळे गोंधळू नका.

एक बारकी गोष्ट, जिच्यात निम्मे अर्ज अडकतात. प्रमाणपत्र, पॅन आणि बँक, तिन्हीकडे मंडळाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर सारखं हवं. मराठी प्रमाणपत्रावरून पॅनचा फॉर्म भरणारा "ग्रामस्थ"चं स्पेलिंग स्वतःच्या मनाने करतो, बँकेतला दुसऱ्याच मनाने. पुढे प्रत्येक पोर्टल "नाव जुळत नाही" म्हणत बसतं.

भाबडी_भक्ती

आमच्या महिला मंडळाला एकाने सांगितलं की ८०जी नसेल तर देणगी घेताच येत नाही. खरं का?

जमाखर्च

नाही ताई. घेता येते, फक्त देणाऱ्याला करात सवलत मिळत नाही. आणि तुमच्या सभासदांपैकी जे नव्या करप्रणालीत आहेत त्यांना ८०जीची वजावट तशीही मिळत नाही, त्यामुळे घरोघरच्या वर्गणीसाठी त्यामागे धावू नका. मोठ्या देणगीदारासाठी मात्र हवं. ते मिळाल्यावर रोखीतल्या २,००० रुपयांवरच्या देणगीला सवलत नाही, हे पावती पुस्तकावरच छापून टाका. आणि वर्षाची देणगीदारांची यादी ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे भरावी लागते.

सीएसआरवाली

मी एका कंपनीत हेच काम करते (नाव विचारू नका). आलेले अर्ज पहिल्यांदा माझ्या टेबलावर येतात, म्हणून दुसऱ्या बाजूचं सांगते.

आधी कंपनी किती देऊ शकते ते बघा. कायद्याने सीएसआर लागू होतो तो ५०० कोटी नेटवर्थ, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा, यांपैकी एक असेल तर. खर्च करायचा तो आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के. समजा कंपनीचा सरासरी नफा ६ कोटी आहे, तर वर्षाचे १२ लाख. त्यात गावची शाळा, आरोग्य शिबिर, पाण्याची टाकी असे मागणारे आधीच रांगेत. तुम्ही चार लाख मागितले तर एक तृतीयांश मागितलं! लोट्यातल्या बऱ्याच कंपन्यांचा निर्णय मुंबईच्या हेड ऑफिसात होतो. तुमची ओळख प्लान्टमधल्या साहेबांची असेल तर ते शिफारस करतील, मंजूर करणार नाहीत. तरी ती शिफारस घ्याच, कारण कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या असं कायद्यातच म्हटलेलं आहे. संगमेश्वर आणि लोटे यांत अंतर आहे, त्यामुळे "तुमचे किती कामगार आमच्या तालुक्यातून येतात" हे माहीत असेल तर अर्जात लिहा.

दुसरं, तुमचं काम कंपनी कायद्याच्या अनुसूची सातमध्ये, म्हणजे सीएसआरमध्ये चालणाऱ्या कामांच्या यादीत, कुठे बसतं ते स्वतः लिहा. शिक्षणाची नोंद आहेच, पण सार्वजनिक वाचनालय उभारणं हेही त्यात वेगळं नमूद आहे, कला आणि वारशाच्या नोंदीत. ते लिहून आलं की आमच्या कमिटीचा एक प्रश्न कमी होतो.

आता मजकूर. माझ्याकडे अर्ज येतात ते असे: "आमची संस्था समाजाच्या सर्वांगीण विकासासाठी अहोरात्र झटत असून ग्रामीण विद्यार्थ्यांच्या उज्ज्वल भवितव्यासाठी आपल्या उदार सहकार्याची नितांत आवश्यकता आहे." यातून मला काय कळलं? काहीच नाही. मला हवं ते असं: "वाडीत अमुक घरं. दहावी ते भरती परीक्षा या वयाची मुलं इतकी, नावांची यादी जोडली आहे. सध्या रात्री देवळाच्या पडवीत बसतात, पावसाळ्यात चार महिने तीही जागा नाही. जवळचं वाचनालय इतक्या किलोमीटरवर, शेवटची एसटी इतक्या वाजता." सहा ओळी आणि दोन फोटो. फोटो हारतुऱ्यांचे नकोत, पडवीचे द्या.

आणि एक प्रश्न, ज्याचं उत्तर दहातल्या आठ अर्जांत नसतं. पैसे संपल्यावर वीजबिल कोण भरणार आणि किल्ली कोणाकडे राहणार? किल्लीवाल्याचं नाव, तो गैरहजर असेल तर दुसऱ्याचं नाव आणि वीजबिलासाठी मुंबई मंडळाचा ठराव. एवढं जोडलंत तर तुमचा अर्ज गठ्ठ्यात वर येईल, लिहून देते.

वेळ म्हणाल तर एप्रिल ते जूनमध्ये भेटा, तेव्हा वर्षाचं नियोजन चालू असतं. जानेवारी-फेब्रुवारीत दुसरी संधी असते. एखादा प्रकल्प रखडलेला असतो, पैसे शिल्लक असतात आणि तयार कागदपत्रांची छोटी कामं शोधली जातात. न खर्चलेला पैसा कंपनीला ठेवून घेता येत नाही, तो सरकारी निधीत जातो, त्यामुळे मार्चआधी सगळ्यांची धावपळ असते. तुमची फाइल तेव्हा तयार हवी.

सरळमार्गी

सीएसआरवाली, हे वाचून थोडा नरमलो. पण "कमिशन द्या, मंजूर करून देतो" म्हणणाऱ्यांचं काय? आमच्या तालुक्यात एकाने शाळेकडून "प्रोसेसिंग फी" घेतली आणि गायब.

सीएसआरवाली

कोणतीही कंपनी देणगी देण्यासाठी आगाऊ पैसे मागत नाही. आणि दुसरा प्रकार याहून वाईट. "खात्यात दहा लाख टाकतो, त्यातले सात रोख परत करा." असं कोणी म्हटलं तर तिथूनच उठून या. सह्या तुमच्या विश्वस्तांच्या असतात, अडकतात तेच.

नाना_पेठी

आमचा कौटुंबिक धर्मादाय न्यास आहे, लहानसा, पुण्यात. आजोबांनी काढला. वर्षाला पाच-सात संस्थांना थोडं थोडं देतो. असे न्यास मुंबई-पुण्यात भरपूर आहेत आणि कंपन्यांपेक्षा त्यांच्याकडे जाणं सोपं आहे, हे लोकांच्या लक्षात येत नाही. वेबसाइट नसते, जाहिरात नसते. विश्वस्त म्हातारे असतात, ईमेलपेक्षा पत्र वाचतात.

आम्हाला उत्पन्नाचे ८५ टक्के वर्षाच्या आत धर्मादाय कामावर खर्ची घालावे लागतात, म्हणून मार्चआधीची घाई आमच्याकडेही असते. २०२३च्या अर्थसंकल्पापासून एक गंमत झाली आहे. आम्ही दुसऱ्या न्यासाला १०० रुपये दिले तर त्यातले ८५च खर्च म्हणून धरले जातात. त्यामुळे काही न्यासांनी संस्थांना चेक देण्याऐवजी वस्तू थेट विकत घेऊन द्यायला सुरुवात केली आहे. कोंडकर, तुमच्या बाबतीत हे फायद्याचंच आहे. "रोख नको, दुकानदाराच्या बिलावर कपाटं घेऊन द्या" असं म्हटलंत तर पॅन आणि १२ए होईपर्यंतही काम पुढे सरकू शकेल.

कायम निधीसाठी, म्हणजे कॉर्पससाठी, आमच्यासारख्यांकडे मागू नका. तो आम्हाला खर्च म्हणून दाखवताच येत नाही. पत्रात "कायमस्वरूपी निधी उभारण्यासाठी" हे शब्द दिसले की आमचे सीए पत्र बाजूला काढतात आणि मागणाऱ्याला कळतही नाही का.

पत्र दोन पानांचं. सोबत तीन वर्षांचे हिशेब, प्रमाणपत्राची प्रत आणि जीएसटीसकट दोन दुकानांची दरपत्रकं. जीएसटी न धरता आकडा सांगणारे नंतर पुन्हा फोन करतात, ते फार वाईट दिसतं.

परशुराम_घाट

चिपळूणहून लिहितोय. चार लाख एकाच दारात मागण्यापेक्षा तुकडे करा.

छप्पर आणि वायरिंग ग्रामपंचायतीकडे. समाजमंदिर कोणाच्या नावावर आहे? ग्रामपंचायतीच्या असेल तर "आमचं गाव, आमचा विकास" आराखड्यात अभ्यासिका घालून घ्या, ग्रामसभेत मांडा. निधी मिळो न मिळो, पण जागा वापरायला देण्याचा ठराव तरी हातात येईल. तो नसेल तर दुसऱ्याच्या इमारतीवर कोणी एक रुपया लावणार नाही.

फर्निचर आणि कॉम्प्युटरसाठी जवळचा रोटरी क्लब. त्यांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, नवा अध्यक्ष त्या दिवशी बसतो. मे महिन्यात होऊ घातलेल्या अध्यक्षाला भेटा, मावळत्याला नको. त्यांच्या ग्लोबल ग्रांटच्या फंदात पडू नका, ती किमान ३०,००० डॉलरच्या प्रकल्पांना असते. क्लबची स्वतःची किंवा डिस्ट्रिक्टची मदत पुरेशी आहे.

पुस्तकं शेवटी. पुस्तकं फुकट मिळतात, आणि नको ती मिळतात. लोक घरातली रद्दी आणून टाकतात. भरतीच्या मुलांना चालू वर्षाची पुस्तकं लागतात, ती विकतच घ्या.

म्हापसेकार

गोंयचें सांगतां म्हणजे तुलना होईल. आमच्याकडे महाराष्ट्रासारखे धर्मादाय आयुक्त नाहीत. संस्था १८६०च्याच कायद्याखाली निबंधकांकडे नोंदवतात आणि दर वर्षी कमिटीची यादी तिथेच द्यायची. सांस्कृतिक कामासाठी कला आणि संस्कृती संचालनालयाच्या योजना आहेत. पण तुमच्यासारखेच, यादी दिली नाही म्हणून अडलेले इथेही पुष्कळ!

थेम्सकाठी

लंडनजवळ राहते. इथल्या आमच्या छोट्या मराठी शाळेसाठी मी लॉटरी फंडाचा अर्ज भरला होता. "अवॉर्ड्स फॉर ऑल" नावाची योजना आहे, इंग्लंडमध्ये ३०० ते २०,००० पौंडांपर्यंत देतात आणि त्यासाठी चॅरिटी म्हणून नोंदणीही लागत नाही. लिखित घटना, गटाच्या नावाचं बँक खातं आणि कमिटीत एकमेकांच्या नात्यात नसलेली किमान दोन माणसं, एवढं पुरतं. ती शेवटची अट आम्हाला जड गेली, कारण कमिटी म्हणजे एकाच घरातली माणसं होती. :)

तुमची धर्मादाय, आयकर, कंपनी मंत्रालय ही तिहेरी चाळणी वाचून मला इथल्या फॉर्मचं कौतुक वाटायला लागलं. परदेशातून पैसे पाठवायची माझी इच्छा आहे, पण चालेल का?

जमाखर्च

तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर तुमच्या वैयक्तिक बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी धरत नाहीत. ब्रिटिश नागरिकत्व घेतलं असेल किंवा तिथल्या संस्थेकडून पैसे येणार असतील तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी, लागते, आणि तो पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. चार लाखांच्या अभ्यासिकेसाठी त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत. गावातल्या नातेवाइकाला पैसे पाठवून त्याच्या नावाने पावती फाडणं, हा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो अजिबात ऐकू नका.

भाबडी_भक्ती

लोकसत्ताचा "सर्वकार्येषु सर्वदा" उपक्रम कोणी सुचवला नाही? गणपतीत संस्थांची ओळख छापतात, वाचक भरभरून देतात. पुण्यात पितृपक्षात "देणे समाजाचे" प्रदर्शनही भरतं.

नाना_पेठी

दोन्ही उत्तम, पण तिथे वर्षानुवर्षं काम उभं केलेल्या संस्था असतात. कोंडकरांनी प्रदर्शन बघायला मात्र जरूर यावं. स्टॉलवाल्यांशी बोलून दोन तासांत जितकं कळतं तितकं सीएच्या ऑफिसात कळत नाही. आणि तिथे देणारेही फिरत असतात.

कोंडकर

सगळ्यांचे आभार. रविवारी परळला सभा झाली. ठरलं ते असं. बदल अर्जाचं काम वकिलांकडे दिलं, मृत्यू दाखले गोळा करायची जबाबदारी दोघांवर. तीन वर्षांचे हिशेब ऑडिटला. पतपेढीतलं खातं नवीन खातं उघडलं की बंद. कंपनीला सध्या फक्त भेटीचं पत्र, अर्ज पुढच्या वर्षी. तोवर वर्गणीच्या लाखातून छप्पर आणि वायरिंग, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात मुलं वर बसतील, भले सतरंजीवर. किल्ली वाडीतल्या एका निवृत्त गुरुजींकडे, नाहीतर अंगणवाडी ताईंकडे. वीजबिलाचा ठराव झाला, पण त्यावर अर्धा तास भांडण झालं. 🙏

सरपंचांनी समाजमंदिराचा ठराव ग्रामसभेत घेऊ म्हटलंय. तो लेखी कधी येतो बघायचं.

नाना, तुम्ही म्हणता तसं कपाटं वस्तुरूपात मागायचं पत्र तयार करतोय. दरपत्रकं देवरुखची चालतील की मुंबईची हवीत? गावचा सुतार सागवानी करून देतो म्हणतोय, स्वस्तात.

नाना_पेठी

देवरुखची चालतील, जीएसटी नंबर असलेलं पक्कं बिल हवं. सुताराचं बिल आम्हाला चालत नाही, कितीही चांगला असला तरी.

परशुराम_घाट

आणि लाकडी घेऊच नका. समाजमंदिराचा मजला, खाली जांभा, चार महिने ओल. लोखंडी कपाटं घ्या, पाय जमिनीपासून चार बोटं वर, आणि पाठ भिंतीला टेकवू नका.